विनाकारण

ते चौदा दिवसांचं कलम मोठ्यानं वाचायला मला आवडतं.
दुरून मागवलेली वस्तू ग्राहकाला
कोणतंही कारण न सांगता
परत करता येईल.
बाफ्राच्या या कचेरीत एकोणीस वर्षं झाली,
इतकं सभ्य वाक्य दुसरं टेबलावर आलं नाही.

बाकीचं सगळं बदलत राहतं.
दर जानेवारीला आकडा वाढतो:
किती लिरांपर्यंतचं भांडण आमच्या समितीचं,
कुठून पुढचं कोर्टाचं.
जुन्या आकड्यावर मी नवी चिठ्ठी डकवते.
ते पान आता पुठ्ठ्यासारखं उभं राहतं.
परतीचं भाडं कोणी भरायचं,
कशाला म्हणायचं खोटी सूट,
पाच तारे देणारी माणसं खरी की भाड्याची,
अंकारा लिहीत जाते, मी डिंक लावत जाते.

तर मुकद्देस हानम. वय एकाहत्तर.
तंबाखूच्या गोदामात जन्म गेला, बोटं अजून पिवळी.
अर्ज एका पानाचा पुरला असता,
त्यांनी चार आणले, चौकटीच्या वहीतले,
दोन्ही बाजूंनी भरलेले.

धाकटी बहीण नेबाहत बेचाळीस वर्षांनी
माघारी येणार होती, कायमची.
खोलीला चुना दिला.
शेजारच्या पोराकडून फोनवर गादी मागवली,
इनेगोलची, नव्वद सेंटीमीटर, मऊ;
नेबाहतची पाठ दुखते.
अकराव्या दिवशी नेबाहतचा फोन आला.
काय म्हणाली, त्यात तिसरं पान गेलंय,
आणि चौथ्यावर पुन्हा तेच, थोडं कमी रागानं.

समोरून सेलामी उस्तांचं उत्तर.
तेही काही सावकार नाहीत.
तीन कामगार, एक शिलाई यंत्र,
विक्रीच्या त्या मोठ्या अ‍ॅपचा वाटा आधीच कापलेला.
लिहितात: गादीचं प्लास्टिक फाटलंय.
अंगाला लागणारी वस्तू एकदा उघडली की संपलं,
हेही कायद्यातच आहे, ताई.
आहे. मीच तिथे खूण घातलीय.

फोटो क्रमांक तीन.
प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलेलं, बाकी जसंच्या तसं.
मी छापील कागदावर पट्टी ठेवली,
गादीच्या रुंदीशी ताडून पाहिलं:
वीतही नाही.
एक हात आत जाईल, एवढंच.
कापूस दाबून बघायला.

गुरुवारी समिती बसली.
वकीलसाहेब म्हणाले, हात गेला म्हणजे उघडली.
कारागीर संघाचे इल्हामी उस्ता, धंद्यानं कल्हईवाले,
म्हणाले, हात न लावता गादी कोण घेतं?
दुकानात तर लोक बसून बघतात.
पालिकेच्या बाईंना दुसरी बैठक होती.
तीन विरुद्ध दोन.
पैसे परत, आणि भाडं उस्तांच्या खिशातून.
निकाल टाइप करताना
इनेगोलच्या त्या तीन कामगारांची नावं
उगाच मनात शोधत राहिले.
अर्जात नव्हती.

दुपारी त्यांना फोन केला.
जिंकलात म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत.
मग विचारलं,
नेबाहतचं वाचून काय म्हणाले साहेब लोक?
मी म्हटलं, ते कोणी वाचलं नाही, हानम.
कायदा कारण विचारत नाही,
तोच तर त्याचा चांगुलपणा.

पलीकडे कसलंसं भांडं सरकलं.
म्हणजे मी ते सगळं
विनाकारणच लिहिलं?

नियमानं अनावश्यक कागद अर्जदाराला परत द्यायचे.
तेही मीच डकवलंय, भिंतीवर, मागच्या वर्षी.
मी म्हटलं, फाइलला लावलेत.
पान सात ते दहा.